जवाची कॉफी

वसंतसर गेल्याचं मला त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या फोनआधी फ्लेक्सने सांगितलं. बदलापूरला हेंद्रेपाड्याच्या नाक्यावर सरांचा हसरा फोटो, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि मागे... चक्क जर्मन रणगाडा! उल्हासनगरच्या शाळेत आम्ही दोघं शिकवायचो, ते इतिहास, मी गणित. जर्मनीच्या युद्धाचा त्यांना ध्यास होता हे खरं, पण तो कौतुकाचा नव्हे, किळसेचा. दहावीपर्यंत त्यांच्यासमोर बसूनही एवढं ज्याला कळलं नाही, त्या जितूनेच हा फ्लेक्स लावला होता. आता नगरसेवक व्हायला निघालाय. उथळ पाण्याला खळखळाट फार.

सरांची एक रीतच होती. घरी आलेल्या कुणी ‘जर्मन शिस्त’ म्हटलं, की ते गोड हसत म्हणायचे, “बसा, कॉफी घेऊन जा.” मग आत जाऊन जव काळे होईपर्यंत भाजायचे, कुटायचे, उकळायचे. ना दूध, ना साखर. युद्धात जर्मनीतल्या घराघरांत असलीच कॉफी पीत. पाहुण्याचं तोंड वाकडं झालं की सर सुरू व्हायचे. रणगाडे सिनेमात फार, खऱ्या सैन्याच्या बहुतेक तोफा घोडेच ओढत होते आणि रशियाच्या थंडीत ती मुकी जनावरं पटापट मेली. सैनिकांना पुरेसे गरम कपडे नव्हते, म्हणून गावोगाव बायकांचे लोकरीचे कोट गोळा केले. चोरून परदेशी रेडिओ ऐकला, तर शेजारीच चहाडी करायचा. “ही तुमची शिस्त! संपवा कप.” वहिनी मात्र त्या करपट वासाने वैतागून खिडक्या उघडायच्या. “अहो, माणसं तोडाल अशाने!” माणसं तुटलीही. बरं झालं, त्यांतली बरीचशी त्याच लायकीची होती.

तेराव्याला जितू पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आला, सोबत फोटो काढणारा घेऊन. वहिनींनी त्याला एवढंच सांगितलं, “तो फ्लेक्स काढ रे. त्यांना नसता आवडला.”

“वैनी, टेन्शन नका घेऊ, याच्यापेक्षा मोठा लावतो ना! सरांना जर्मनी लय आवडायची. आपल्याकडं पण तशीच कडक डिसिप्लिन पायजे, बोले तो एकदम मिलिटरी.”

माझ्या तोंडात शिवी आली होती. तेराव्याचा दिवस म्हणून गिळली. वहिनी उठून आत गेल्या. जरा वेळाने तोच करपट वास घरभर पसरला. त्या दिवशी खिडकी कुणी उघडली नाही. कान तुटलेला सरांचा कप वहिनींनी जितूपुढे ठेवला आणि स्वतः समोर बसल्या.

“पी. तुझ्या सरांनी शिकवलं ते तुझ्या डोक्यात शिरलं नाही. आता मी सांगते, तोफा कोण ओढत होतं ते.”

फ्लेक्स दुसऱ्याच दिवशी उतरला. परवा मी वहिनींकडे गेलो होतो. सरांच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी इतकी वर्षं पुन्हापुन्हा माळ्यावर दडवलेला जवाचा डबा आता चहा-साखरेच्या शेजारी असतो, हाताशी.