गाऱ्हाणे घालणाऱ्याचे गाऱ्हाणे

काजूच्या बागेतला पाला आणि देवळाच्या पायरीवरचे किस्से, दोन्ही झाडून संपत नाहीत. पार्सेतल्या आमच्या पायरीवर आम्ही तिघे म्हातारे: दत्तू, भिकू आणि मी. शाळा मी बाहेरूनच पाहिली, पण देवासमोर गावाचे गाऱ्हाणे मीच घालतो. कुणाचा गुडघा, कुणाची सून, सगळे मी देवाला सांगायचे, लोकांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणायचे.

चैत्रात माझी बायको पार्वती गेली. म्हटले, आता माझे गाऱ्हाणे कोण घालणार?

*

दत्तू सांत्वनाला आला. मी चहा केला. पहिल्या घोटालाच त्याच्या डोळ्यांत पाणी! मग तासभर स्वतःच्या गुडघ्याची कथा. शेवटी मीच त्याची पाठ थोपटली.

"विठू, तुझ्याकडे इलय की कसां बरां वाटता!"

*

भिकू डिचोलीत खनिजाचा ट्रक चालवायचा. तो बायकोला घेऊन आला. म्हणाला, "घट्ट हो रे! खाण बंद झाली, ट्रक दारात उभो रवलो. मी रडलंय काय?"

"ट्रकात बसान रडायचा!" बायको म्हणाली. "कोणाक ऐकाक येव नये म्हणान हॉर्न वाजवी! अख्ख्या वाड्याक ठाऊक!"

भिकूने चहा औषधासारखा एका दमात संपवला.

*

मुलगा मोपाला विमानतळावर नोकरीला. "बाबा, एकटं वाटलं की फोन करा." केला.

"काही काम होतं?"

"काम नाय रे. एकटा वाटला."

"बरं, म्हणजे अर्जंट नाही ना?"

*

पंचायतीच्या हॉलात शहरातून एक मॅडम आल्या. 'मन मोकळे करा' असे शिबिर होते. माईकवर म्हणाल्या, "दुःख वाटून घेतलं की हलकं होतं!"

सगळा हॉल एका सुरात: "व्हय म्हाराजा!"

मॅडम दचकल्या. "आता कोण बोलणार?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठलो आणि सवयीने दत्तूचा गुडघा सांगून खाली बसलो!

*

मग गाऱ्हाण्याचा दिवस आला. हातात नारळ घेऊन सगळ्या गावाचे सांगून झाले. माझे राहिले होते. मी नारळ या हातातून त्या हातात करत राहिलो. लोक 'व्हय' म्हणायला तयार, पण कशाला म्हणणार?

दत्तू गुडघा धरत उठला. माझ्या हातातला नारळ त्याने घेतला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या विठूची पार्वती तुझ्याकडे इली. तिका परत मागूचा नाय, ती खूप दमलेली."

"व्हय म्हाराजा!" कुणीतरी नाक ओढले.

"पण ह्याका एकट्याक सोडूक जमणा नाय. आमका रोज ह्याच्या घराक जावचा लागता."

"व्हय म्हाराजा!"

"तेवा तिका एकदा ह्याच्या सपनात धाड, आणि चायत साखर किती घालूची ता ह्याका सांगाक लाव!"

एवढा मोठा 'व्हय म्हाराजा' मी जन्मात ऐकला नव्हता. भिकू तर दोनदा म्हणाला.