टोरांटोला सहा किलोमीटर कमी

मंगळवार, सकाळी साडेअकरा. परळच्या मुख्य ऑफिसची छोटी मीटिंग रूम. हजर: फायनान्सचे करंदीकर सर, सर्व्हिस इंजिनियर सावंत आणि ट्रॅव्हल डेस्कची मी. सावंत उभेच होते. मणक्याच्या ऑपरेशननंतर त्यांना फार वेळ बसवत नाही.

टोरांटोच्या एका फॅक्टरीत आमचं पॅकिंग मशीन बंद पडलं होतं. ते सावंतांशिवाय कुणाला उघडता येत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की, लांबचा प्रवास आडवं होऊनच करायचा, नाहीतर कंबर पुन्हा धरेल. आडवं व्हायला बिझनेस क्लास लागतो. आणि आमच्या पॉलिसीत बिझनेस क्लास मिळतो साडेबारा हजार किलोमीटरच्या वर.

मुंबई-टोरांटो हवाई अंतर, विमानतळ ते विमानतळ, निघालं बारा हजार चारशे चौऱ्याण्णव.

"सहा कमी पडतात," करंदीकर म्हणाले.

"सहाच ना, सर? तेवढे मी चालतो," सावंत म्हणाले. "बाकीचे झोपून जाऊ द्या."

"आणि डॉक्टरांचं पत्र?" मी विचारलं.

"फॉर्ममध्ये अंतराचा कॉलम आहे, मॅडम. कंबरेचा नाही."

"विमान फ्रँकफर्टला थांबून जातं, सर. तसं मोजलं तर अंतर बरंच वाढतं," मी म्हटलं.

"पॉलिसीत हवाई अंतर म्हटलंय."

इथे त्यांचं बरोबर होतं. हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोळ्यावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, तर जेवढा लागेल तेवढं. विमान कुठे थांबतं, याच्याशी त्याचा संबंध नाही.

मी पॉलिसी पहिल्यापासून वाचायला घेतली. कलम चार: 'मुख्य कार्यालयापासून कामाच्या ठिकाणापर्यंतचे हवाई अंतर.' विमानतळाचं कुठे नावच नाही. टोरांटोचा दोरा मुंबईतून उत्तरेकडे जातो आणि परळ विमानतळाच्या दक्षिणेला. म्हणजे इथेच नऊएक किलोमीटर वाढले. ती फॅक्टरीही तिकडच्या विमानतळाच्या पुढे. लॅपटॉपवर सगळ्यांसमोर मोजलं. बारा हजार पाचशे एकोणीस.

"विमान काय परळहून उडतं?" करंदीकर वैतागले.

"विमान नाही, सर. पण पॉलिसी इथूनच उडते."

त्यांनी स्वतः तीनदा मोजलं. मग सही केली.

सावंत झोपून गेले, मशीन चालू करून आले, आणि आल्या दिवशी जिनासुद्धा चढले. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तोवर माझ्या टेबलावर पाच अर्ज जमले होते. सगळ्यांची शहरं अचानक लांब गेली होती. एकाने लिहिलं होतं, 'मी वर्क फ्रॉम होम करतो, तेव्हा माझं अंतर कफ परेडहून मोजावं.' कफ परेड परळच्याही दक्षिणेला.

यातून मी शिकले ते एवढंच: आधी पॉलिसी वाचावी, विनवण्या नंतर.

करंदीकरांनी आता खुलासा मागवलाय: मुख्य कार्यालय म्हणजे नेमका कुठला बिंदू? अ‍ॅडमिन म्हणतं दक्षिणेचं गेट, फायनान्स म्हणतं उत्तरेकडची भिंत. टेप आणून ठेवली आहे. मोजायला दोन्ही विभागांची माणसं एकाच वेळी खाली उतरायची अजून बाकी आहेत.