आधी बोलवायचं कोणी?

आईबाबा ओमान कायमचं सोडून जाणार होते. त्याच्या आदल्या महिन्यात, एका शुक्रवारी दुपारी, आईने आयुष्यात पहिल्यांदा एक जुना हॉलिवूडचा सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या आमच्या घरात सगळीकडे खोकी पसरली होती. आई साड्यांच्या घड्या घालत होती, म्हणून मी टीव्हीवर काहीतरी लावून दिलं. एक इंग्लंडची राणी, एक स्कॉटलंडची. दोघी नात्यातल्या, आणि दोघींना वाटतं की समोरचीने आधी नमावं.

इंग्रजी जड होतं. मी अधूनमधून मराठीत सांगत होते, पण आईला फारशी गरज पडली नाही. "या चुलत बहिणी का?" एवढंच तिने विचारलं, बाकीचं तिला चेहऱ्यांवरून कळत गेलं. स्कॉटलंडची राणी कैदेत पडली तेव्हा म्हणाली, "रूपाचा तोरा, दुसरं काय!" इंग्लंडची राणी दरबारात ओरडली की मात्र मान डोलवायची. एवढं राज्य सांभाळायचं म्हणजे आवाज चढणारच, असं तिचं मत पडलं.

ती कोणाच्या बाजूची, हे मला विचारावं लागलं नाही. आमच्या घराण्यातही दोन राण्या होत्या. आई थोरली जाऊ, मस्कतला. काकू धाकटी जाऊ, दूर आतल्या इब्री गावात. काकांचं तिथे गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. लग्न होऊन काकू ओमानला आधी आली, आम्ही नंतर. इथली रीत अशी की नव्याने आलेल्या कुटुंबाला जुन्यांनी जेवायला बोलवायचं. म्हणून आई काकूच्या फोनची वाट बघत बसली. काकूचं म्हणणं, थोरलीने आधी हाक मारल्याशिवाय धाकटीने तिला आपल्या दारी बोलवणं शोभतं का? तीही वाट बघत बसली. मी तेव्हा पहिलीत होते, आता नोकरी करते.

भांडण म्हणावं तर एक शब्द झाला नव्हता. बाबा कामाला इब्रीकडे गेले की काकूच्या हातचं जेवून यायचे आणि काका माल घ्यायला मस्कतला आले की आईच्या हातचं. गावी जाण्याचे महिने दोघींचे वेगळे. घरच्या ग्रुपवर दोघी एकमेकींना फक्त नमस्काराचे हात पाठवायच्या. बाबा म्हणायचे, "तूही राणी, मीही राणी, पाणी कोण आणी?" आणि पेपर उघडायचे. दोन्हीकडचं आयतं जेवून म्हणी सांगणाऱ्या या माणसाचा मला फार राग यायचा.

सिनेमात दोघी राण्या समोरासमोर आल्या, तेव्हा आईच्या हातातली साडी अर्धवट घडीवरच राहिली. भेट काही गोड झाली नाही. पुढे एकीचं डोकं उडवलं गेलं. आईने पदराने डोळे पुसले.

"निदान भेटल्या तरी," ती म्हणाली.

"खऱ्या कधीच भेटल्या नाहीत, आई. भेट सिनेमावाल्यांनी घातली आहे."

"कधीच नाही? इतकी वर्षं?"

"पत्रं लिहायच्या म्हणे."

"आणि तोंडसुद्धा न बघता मारून टाकलं?"

ती बराच वेळ घड्या घालत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "निझवा गाव मस्कत आणि इब्रीच्या मध्ये पडतं ना गं? आपलं घर नाही, तिचंही नाही."

मी लगेच काकूला फोन लावला, आईचं मन फिरायच्या आत. "काकू, पुढच्या शुक्रवारी आई निझव्याला येतेय. तू येशील?"

"वहिनी स्वतः म्हणाल्या, का तुझं डोकं?"

"स्वतः म्हणाली."

"मग इथल्यासारखं नुसतं इन्शाल्ला म्हणून टाळत नाही. येतेच."

बाबांना आम्ही नेलं नाही. निझव्याच्या सूकजवळच्या, म्हणजे बाजाराजवळच्या, एका हॉटेलच्या फॅमिली रूममध्ये, दार लोटून घेतलेल्या त्या छोट्या खोलीत काकू आमच्या आधीच येऊन बसली होती. ती पाया पडायला वाकली, आईने तिला मध्येच उचललं. मग दोघी समोरासमोर बसल्या. काकूने आईच्या गुडघ्याची चौकशी केली. आईने काकूच्या पित्ताची. एकमेकींच्या दुखण्यांची बित्तंबातमी दोघींना नवऱ्यांकडून मिळत आली होती. मग काकूने बाबांची नक्कल केली. "थोडंच वाढ हं" म्हणत ताट पुढे सरकवणारे बाबा इतके हुबेहूब की आई हसता हसता टेबलावर वाकली. वेटरने दारावर टकटक केली, काही हवंय का म्हणून. आई अशी हसू शकते हे मला माहीत नव्हतं, आणि ते बघून मलाच रडू आलं.

निघताना काकूने पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढले आणि हॉटेलच्या खुर्चीवर बसवून आईची ओटी भरली. दोघींनी गावच्या गप्पा मारत गाडीपर्यंत यायला भरपूर वेळ लावला.

परतीच्या रस्त्यावर आई नारळ मांडीवर घेऊन बसली होती.

"बरं झालं ना भेटलात?" मी म्हटलं.

"काय बरं झालं?" ती एकदम चिडून म्हणाली. "इतकी वर्षं इथे राहून मला तिची एकदाही आठवण आली नाही. आता गावी जाऊन रोज येईल."