शेपूट लोकांकडे

ब्लाझेनाबाई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचं कसं काय चाललंय हे मला छतावरून कळतं. सपाता खिडकीपर्यंत सरळ जाऊन परत आल्या, तर सगळं ठीक. सपाता गोल फिरायला लागल्या, की समजावं, काहीतरी चिकटत नाहीये किंवा नको तिथे चिकटलंय. त्या बुधवारी मी देवापुढे दिवा लावून हात जोडले, आणि डोक्यावर सपाता गोल फिरायला लागल्या. मग थांबल्या. मग घर ऊबदार ठेवणाऱ्या रेडिएटरच्या पाइपावर चमच्याने ठकठक झाली. हे मला बोलावणं.

"जोडे काढ आणि दार लाव, वारा नको," त्या म्हणाल्या. "आणि हसू नकोस."

स्वयंपाकघराच्या टेबलावर त्यांचं विमान होतं. सव्वा वीत लांब, करडं, पंखांवर इथल्या देशाचं तिरंगी चिन्ह. गेलं वर्षभर मी ते तुकड्यातुकड्यांनी पाहत आले होते. आज प्रथमच चाकं लावली होती. पण पुढचं चाक हवेत होतं, नाक वर दिव्याकडे, आणि शेपूट टेबलावर टेकलेलं.

"बसलंय बघ. कुत्र्यासारखं."

मी बोटाने नाक खाली दाबलं. बोट काढताच विमान परत मागे बसलं.

"दमलंय," मी म्हटलं.

"तुला सांगितलं ना हसू नकोस म्हणून!"

ब्लाझेनाबाईंची सगळी नोकरी गावाबाहेरच्या लष्करी विमानतळावर गेली. तिथली लढाऊ विमानं इतक्या वेगाने उतरायची, की नुसत्या चाकांच्या ब्रेकने थांबायची नाहीत. म्हणून शेपटात एक पॅराशूट असायचं. विमान टेकलं की ते मागे उघडायचं आणि वेग खेचून धरायचं. ते कापड दर वेळी वाळवायचं, तपासायचं, घड्या घालून दाबून पिशवीत भरायचं आणि शेपटातल्या नळीत बसवायचं, हे काम चार बायकांचं. त्या चौघींतल्या आता दोघी उरल्या आहेत, ब्लाझेनाबाई आणि यार्मिला. यार्मिला शेजारच्या गावी वृद्धाश्रमात असते. ब्लाझेनाबाई अजूनही टॉवेलांच्या घड्या अशा घालतात की कपाटात चाळीस टॉवेल मावतील. आहेत सहा.

विमानतळ बंद झाला. निवृत्त झाल्यावर त्या छोटी विमानं जोडायला लागल्या. छोटी म्हणजे खेळणी नव्हेत. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांची पेटी मिळते, आणि त्या पेटीतलं एखादं अंग कमी बारकाव्याचं वाटलं, तर त्या जागी लावायला वेगळे विकले जाणारे रेझिनचे भाग घेतात. साच्यात ओतलेले, नखाएवढ्या तुकड्यावर स्क्रूची डोकीसुद्धा दिसतील असे. गावात अशा विमानवेड्यांचं एक मंडळ आहे. दर गुरुवारी बिअरच्या गुत्त्याच्या मागच्या खोलीत जमतं. सगळे पुरुष, आणि ब्लाझेनाबाई. पुरुष रेझिन घेतात ते वैमानिकाच्या खोलीसाठी. खुर्ची, पट्टे, घड्याळं. ब्लाझेनाबाईंनी घेतलं ते सगळं मागचं. आगीच्या धुराड्याचं तोंड, शेपटाखालची झडप आणि पॅराशूटची नळी, तीही उघड्या झाकणाची.

"पुढे काय असतं मला काय माहीत?" त्या म्हणायच्या. "जन्म त्या विमानांच्या मागे काढला. पुढच्या शिडीवर आम्हाला चढू देत नव्हते. पुढचं त्यांचं, मागचं माझं."

आणि तिथेच घात झाला. रेझिन प्लॅस्टिकपेक्षा जड. विमान मागे कलंडू नये म्हणून नाकात किती शिसं घालायचं ते पेटीतल्या कागदावर लिहिलेलं असतं, त्यांनी तेवढंच घातलं होतं. पण कागद लिहिणाऱ्याने शेपटात एवढं रेझिन धरलंच नव्हतं. आता नाक बंद, काच बंद, रंगही झालेला.

एरवी त्यांनी चार शिव्या घालून विमान कपाटावर ठेवलं असतं. पण शनिवारी गावच्या वाचनालयात विमानतळाच्या आठवणीसाठी एक काचेचं कपाट उघडायचं होतं. त्यात एकच विमान बसणार होतं, आणि मंडळाने खूप वाद घालून ब्लाझेनाबाईंचं निवडलं होतं. त्यांची एकच अट होती. शेपूट लोकांकडे. विमान नाकाकडून सगळ्यांनी पाहिलंय, त्या चौघींना कोणी पाहिलेलं नाही. यार्मिलाला आश्रमाच्या गाडीतून आणायचं ठरलं होतं.

"उभं राहिलं नाही तर ओताकर स्वतःचं ठेवेल," त्या म्हणाल्या. ओताकर म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, टपाल खात्यातून निवृत्त. "नाक पुढे करून. आणि यार्मिला येऊन काय बघेल? नाक!"

बोलता बोलता त्या चार वेळा उठल्या, चार वेळा बसल्या. लसणाचं सूप गॅसवर उकळून आटलं. माझ्या गळ्यातल्या साखळीत छोटा गणपती आहे, तो त्यांनी बोटांत धरून पाहिला.

"तुझा देव बरा. सगळं वजन पुढे. कधी मागे कलंडायचा नाही."

मला हसू आलं. देवालाही आलं असेल.

गुरुवारी विमानाचा डबा धरायला मी त्यांच्याबरोबर मंडळात गेले. विमान टेबलावर ठेवलं, ते बसलं, आणि सगळी खोली खिदळली.

"ब्लाझेनाबाई, हे उडायच्या तयारीत आहे की प्रार्थना करतंय?" कोणीतरी म्हणालं.

"मी म्हणत होतो," कोपऱ्यातून ल्युबोश म्हणाला. तो खरा वैमानिक, हीच विमानं चालवलेला. आता कार्प मासे पकडतो आणि तीन वर्षं याच विमानाची एक पेटी जोडतोय. त्याची वैमानिकाची खोली इतकी सुरेख झाली आहे, की ती झाकली जाईल म्हणून तो विमानाचे दोन अर्धे भाग जोडतच नाही. "बाई, विमान नाकाने उडतं. शेपटाचे एवढे लाड करू नयेत."

"आणि थांबतं कशाने, ल्युबोश?"

"बिअर संपली की थांबतं."

ओताकर मात्र कामाचा माणूस. ब्लाझेनाबाईंनी काड्यापेटीच्या काड्यांचं एक स्टूल केलं होतं. तसल्याच लाकडी स्टुलावर उभ्या राहून त्या बायका पॅराशूट बसवायच्या. ते विमानाशेजारी ठेवायचं होतं. ओताकरने ते उचललं, शेपटाखाली सरकवलं आणि हात काढला. विमान तीन चाकांवर सरळ उभं राहिलं.

"झालं! कोणाला कळणार आहे?"

सगळ्यांनी टेबलावर थापा मारल्या. ब्लाझेनाबाईंच्या पुढ्यात कोणीतरी दारूचा छोटा पेला ठेवला. त्यांनी तो संपवला, आभार मानले, डबा उचलला. त्या संध्याकाळी मी भाजी चिरत होते, जेवले, भांडी घासली, आणि डोक्यावर सपाता गोल, गोल, गोल.

मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, शुक्रवारी सकाळी मला तिथून सुट्टी होती. मी दार उघडलं, तर त्या पायरीवरच उभ्या.

"स्टूल टेकलंय शेपटाला."

"म्हणून तर उभं आहे ना?"

"अगं, टेकवायचं नसतं! स्टूल विमानाच्या पत्र्याला लागलं तर ओरखडा पडतो. आमचा मुकादम स्टूल आणि शेपूट यांच्यामधून कागद सरकवून बघायचा. कागद अडला की चौघींना शिव्या. आणि मी ते काचेत ठेवू? जन्मभरासाठी?"

"लोकांना काय कळतंय."

"यार्मिलाला कळेल. एकाच डोळ्याने दिसतं तिला, पण त्या डोळ्याला पहिलं तेच दिसेल."

मग त्यांनी टॉवेलाची गुंडाळी केली, विमान त्यात निजवलं आणि मला सांगितलं, "धर. तान्हं मूल धरतेस तसं." वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच त्यांनीच चिकटवली होती. ती उघडून नाकात आणखी शिसं घालायचं, म्हणून तिच्या कडेने पातं फिरवायला त्या लागल्या. हात स्थिर, श्वास बंद. मी मनात देवाचं नाव घेत होते. अर्धी कड सुटली, पाऊण सुटली, आणि टक् करून काच मधोमध तडकली.

त्यांनी पातं ठेवलं, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. आत पाहिलं. पेटीतली सपाट खुर्ची, कागदी घड्याळं. बाकी पोकळ.

"असं आहे होय पुढे," त्या म्हणाल्या. "काहीच नाही."

त्या विमानाची दुसरी काच गावात एकाच माणसाकडे होती. फोन करायला त्यांनी दोनदा हात पुढे केला आणि दोनदा एप्रनला पुसला. शेवटी नंबर फिरवून फोन मलाच दिला.

ल्युबोश सायकलवरून आला. हातात बुटांचा खोका, खांद्याला मासेमारीची पिशवी. सपाता घातल्या, चष्मा लावला आणि विमानाकडे पाहून म्हणाला, "अरे देवा. डोकं उडवलंत."

"बोलायला बोलावलं नाही तुम्हाला."

"काच देतो. पण आत हे असलं ठेवून वर माझी काच बसवणार? मी मेल्यावर करा."

त्याने खोका उघडला. कापसात त्याची रेझिनची खुर्ची होती, पट्ट्यांच्या बकलांसकट. शेजारी डावीकडची अरुंद पट्टी, त्यावर मोहरीहून बारीक बटणं. तीन वर्षं ती कापसातच होती. ब्लाझेनाबाईंनी भिंग लावलं आणि एकेक बटण मोजत गेल्या.

मग दोघांचं भांडण सुरू झालं. पट्टी रुंद, आत जाईना. ब्लाझेनाबाई पाण्याच्या वाडग्यात बुडवून तिची पाठ घासायला बसल्या, कारण रेझिनची भुकटी छातीत जाऊ नये. तो म्हणे, पुरे, भोक पडेल. त्या म्हणत, उजेड दिसेपर्यंत घासते. तो म्हणे, तीन वर्षांचं काम आहे. त्या म्हणत, मग तीन वर्षांत घासलं का नाही? मी खसखशीचे पाव गरम केले. दोघांनीही ते भांडता भांडता खाल्ले.

ल्युबोशने गळाला लावायचं शिसं पिशवीतून काढलं. बारके दाणे. घड्याळांच्या फळीमागे भोक पाडून ब्लाझेनाबाई चिमट्याने एकेक दाणा गोंदात बुडवून आत ढकलायला लागल्या. दाण्यागणिक विमान चाकांवर ठेवून बघायचं. बसलं. परत बसलं. पुढची पोकळी भरत आली, आता जागा उरली नाही, आणि ते अजून बसतच होतं.

"माझी खुर्ची ठेवून बघा," ल्युबोश म्हणाला.

त्यांनी खुर्ची नुसती आत ठेवली. विमान क्षणभर डुललं. मग पुढचं चाक टेबलावर आलं. टक्. खुर्ची काढली, नाक वर. खुर्ची ठेवली, नाक खाली.

"म्हणजे माझ्या खुर्चीमुळे!" ल्युबोश टेबलावर हात आपटून म्हणाला.

"शिसंही आहे."

"शिसंही माझंच आहे, बाई."

ब्लाझेनाबाईंनी न ऐकल्यासारखं केलं. खुर्ची चिकटवली, डावीकडची पट्टी बसवली. मग भिंगातूनच विचारलं, "पॅराशूटचं बटण यातलं कुठलं?"

त्याने सुईचं टोक टेकवलं. "हे."

"दाबताना काय वाटायचं?"

"काय वाटणार? आधी शिवी, मग बटण. मग कोणीतरी मागून कॉलर धरून ओढल्यासारखं व्हायचं."

"ती मी," ब्लाझेनाबाई म्हणाल्या.

ल्युबोश जरा वेळ पावाचे कण गोळा करत राहिला. मग म्हणाला, "एकदा नाही ओढलं. धावपट्टी संपून बटाट्याच्या शेतात गेलो."

"ते आमचं नव्हतं. ते दुसऱ्या पाळीचं."

"नक्की?"

"यार्मिलाला विचारा."

त्या बटणावर त्यांनी सुईने रंगाचा ठिपका दिला. आधी नव्हता. मग नवी काच, उघडी ठेवलेली.

शनिवारी वाचनालयात बरीच माणसं आली. नगराध्यक्ष आले, टेबलावर पावाचे सजवलेले तुकडे मांडले होते. यार्मिला चाकांच्या खुर्चीत, डोक्याला फुलांचा रुमाल, ब्लाझेनाबाईंचा हात धरून. ओताकरने विमान उचललं, कपाटात ठेवलं, स्टूल शेजारी ठेवलं आणि किल्ली फिरवली. सवयीने नाक लोकांकडे.

ब्लाझेनाबाईंनी यार्मिलाचा हात इतका दाबला की ती ओरडली, "अगं, तोडशील!"

"ओताकर, फिरव ते," ल्युबोश म्हणाला.

"आता कुलूप लावलं. आणि असंच बरं दिसतंय. काच उघडी, तुझी खुर्ची किती छान दिसते बघ. फिरवलं तर भिंतीकडे जाईल. कोणाला दिसणार नाही."

"दिसू नये. ती वजनाला आहे. फिरव."

ओताकरने कुलूप काढलं आणि विमान फिरवलं. ल्युबोशची खुर्ची भिंतीकडे गेली. पुढे आलं धुराड्याचं काळं तोंड, त्यावरची नळी, उघडं झाकण, आत पांढऱ्या कापडाची दाबून भरलेली घडी.

यार्मिलाला अगदी कपाटाशी नेलं. ती पुढे वाकली. एक डोळा मिटून दुसऱ्याने बराच वेळ पाहत राहिली. मग तिने विचारलं, "स्टूल टेकलंय का गं?"

"थांबा!" ब्लाझेनाबाई ओताकरला म्हणाल्या. त्यांनी पर्समधून बसचं तिकीट काढलं आणि स्टूल आणि शेपूट यांच्यामध्ये सरकवलं. तिकीट न अडता दुसऱ्या बाजूने बाहेर आलं.

"मग ठीक," यार्मिला म्हणाली, आणि तिने पाव मागितला.

कपाट बंद झालं. भाषणं झाली. ल्युबोशने ब्लाझेनाबाईंसाठी खुर्ची ओढली. त्या बसल्या आणि लगेच उठल्या. वाचनालयाची जमीन लाकडी, माणूस चाललं की थरथरते. त्या कपाटाला चिकटून उभ्या राहिल्या, डोळे पुढच्या चाकावर. नगराध्यक्ष त्यांचं अभिनंदन करायला हात पुढे करून, भरभर, जड पावलांनी येत होते.

"हळू चाला हो जरा!" ब्लाझेनाबाई त्यांच्यावर ओरडल्या. "विमान उभं आहे."