वरणात बुडालेला डोंगर

शरद गेल्याचे शालिनीवहिनींनी फोनवर एका वाक्यात सांगितले. मीही अधिक विचारले नाही. शरदच्या आणि माझ्या शाळेपासूनच्या मैत्रीत बोलणे नेहमीच बेताचे असे...

समुद्रापासून इतक्या दूर, नागपुरात वाढलेला हा माणूस भूगर्भशास्त्र शिकला आणि संशोधनाच्या जहाजांवर रमला. समुद्रतळावरचे सपाट माथ्याचे डोंगर हा त्याचा विषय. तो महिनोन्‌महिने बाहेर असे. घर वहिनी एकट्या सांभाळत. "डोंगरच पाहाचे होते तर रामटेक काय वाईट होतं, भाऊजी?" त्या मला वाढताना म्हणत. "ह्यायचे डोंगर पाण्यात, अन् इकडे माह्या घराचं छत गळून राहिलं." शरद हसून घेई. पण आपण कशापायी दूर राहिलो हे बायकोला एकदा तरी कळावे, ही इच्छा त्याने माझ्यापाशी बोलून दाखवली होती.

गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे जेवायला होतो. आजारामुळे त्याला अन्न जात नव्हते. वहिनींनी ताटात भाताची मूद घातली आणि तो म्हणाला, "पाहून घे वं. हा ज्वालामुखी. लाव्हा साचत साचत पाण्याच्या वर आला, बेट झालं. मंग आतली आग विझली." चमच्याच्या पाठीने त्याने मुदीचा माथा सपाट केला. "ह्या लाटा. ह्यायनं डोकं कापलं."

"मंग तो पाण्याखाली काहून गेला?" वहिनींनी प्रथमच विचारले.

"खालचा समुद्रतळ थंड होते, जड होते, खचते. डोंगराले सोबत घेऊन जाते." तो सावकाश वरण ओतत राहिला. माथा बुडाला. "वरून काईच दिसत नाही. पण तिथं आम्हाले लाटांनी घासलेले गोल गोटे सापडले... म्हणजे तो कधीतरी उन्हात होता."

"जेवा आता. भात निवून राहिला," वहिनी म्हणाल्या. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

तेरवीनंतर काही आठवड्यांनी मी त्यांच्याकडे गेलो. वहिनींनी दोन ताटे वाढली. स्वतःच्या मुदीचा माथा त्यांनी चमच्याच्या पाठीने सपाट केला आणि तो दिसेनासा होईपर्यंत वरण ओतले.

"ते गोटे सापडले तवा किती खूश झाले असतील, नाही भाऊजी?"

"झाला असेल," एवढेच मी म्हणालो. भात निवत होता. त्यांनी जेवायची घाई केली नाही.