उंबऱ्याच्या आत बूट

"एका पायावर उभ्या राहा आणि टाच उचला," डॉक्टर म्हणाले. डावी उचलली. उजवी काही केल्या हलेना. टेबल धरून जोर लावला, तरी टाच फरशीला चिकटलेलीच.

मी एसटीत कंडक्टर, कोल्हापूर-जयसिंगपूर गाडीवर. घोटा आतून सुजायचा, तो मुरगळलाय म्हणून तेल चोळत कितीतरी महिने रेटला. तुम्ही असला शहाणपणा करू नका.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, पोस्टीरियर टिबियल टेंडन. पोटरीतून घोट्यामागून तळव्यात उतरणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. पावलाची कमान मुख्यतः तीच उचलून धरते. माझी झिजून लांबली होती आणि कमान बसली होती.

"टाच बाहेर कललीय," ते म्हणाले. "त्यामुळे पोटरीची ओढ प्रत्येक पावलाला कमान आणखी दाबते. टाचेचं हाड कापून थोडं आत सरकवू, मग तीच ओढ कमानीला आधार देईल. झिजलेलीच्या जागी बोटांकडची एक कंडरा लावू. पण ती बारीक असते, बळ यायला वेळ लागतो."

"परत गाडीवर जाता येईल?"

"ती टिकली तर. या एका पायावर टाच उचलून खाली बोट सरकलं, की कामाचं बोलू."

ऑपरेशन झालं, प्लास्टर निघालं. मग आत कमानीला उशी असलेला बूट मिळाला. घरातसुद्धा बुटाशिवाय पाऊल टाकायचं नाही, अशी ताकीद होती.

आता सांगा, आपल्यात पायात बूट घालून घरात कोण फिरतं? माझ्या सासूबाई, त्यांना मी मामी म्हणते, उंबऱ्यातच अडल्या. "पायताण घालून चुलीपाशी? आत देव हाईत की!" त्या बोलल्या नसत्या तरी मी काढलाच असता. बूट बाहेर राहिला, मी आत.

एका सकाळी भाकरी थापता थापता घोट्याच्या आत कचकन ओढ बसली. दुपारपर्यंत घोटा टम्म. कंडरा तुटली, नोकरी गेली, असंच धरून मी दवाखान्यात पोचले. बाकावर बसून मनात थांबे म्हणत होते. शिरोली, हेरले, चोकाक, हातकणंगले... जयसिंगपूरला पोचून परत फिरले तरी माझं नाव पुकारेनात. शेजारी मामी पदराचं टोक पिळत बसलेल्या.

एक्स-रेत टाचेचं कापलेलं हाड धरणारा स्क्रू जागेवर होता, पण कंडरा काही एक्स-रेत दिसत नाही. डॉक्टरांनी घोट्यामागं बोट ठेवलं. "माझ्या हाताला रेटून पाऊल आत वळवा." वळवलं. ते बोटानं चाचपतच राहिले. मेल्या, बोल की एकदाचं, असं झालं मला!

"लागतेय हाताला. तुटलेली नाही, ताणलीय. घरात अनवाणी चालता का?"

माझ्याआधी मामीच म्हणाल्या, "व्हय. मीच काढाय लावला."

"मावशी, स्लॅब टाकल्यावर खालचे टेकू कुणी लगेच काढतं का? बुटातली उशी म्हणजे तो टेकू आहे."

घरी येऊन मामींनी बुटाचा तळ साबणानं खसाखसा घासला, उन्हात वाळवला आणि चुलीपाशी आणून ठेवला. "घाल. देवाला काय सांगायचं ते मी सांगतो." मला रडूच फुटलं.

सूज उतरली, व्यायाम वाढत गेले. मग ओटा धरून एका पायावर टाच उचलायला सांगितलं. रोज उभी राहायची, रोज हरायची. कमान पहिल्यासारखी होणार नाही हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, तेवढं तुम्हीही मनात धरा. थोडी बसकीच राहिली. पण मला फक्त ते एक बोट हवं होतं.

त्या दिवशी मामी खाली बसून मेथी निवडत होत्या. मी ओटा धरला, डावा पाय उचलला, दात खाल्ले. पोटरी थरथरायला लागली. तेवढ्यात मामींनी वाकून माझ्या बुटाखाली हात घातला.

"अहो मामी, बुटाला काय हात लावताय!"

"गप. हलू नगंस." बोट आत सारून त्यांनी वर बघितलं. "गेलं की गं! जा आता तुझ्या जयसिंगपूरला."