साहेबाची गाठ

साहेब डूख धरायचा. माझ्या धाकट्या भावाबद्दल लोक शूर, हसतमुख, देशभक्त असं बरंच बोलतात आणि ते खोटं नाही. पण हे कोणीच सांगत नाही, म्हणून मी आधी सांगून टाकते. अपमान झाला की तो भांडायचा नाही, आवाज चढवायचा नाही. नुसता कान खाजवायचा आणि म्हणायचा, "बघून घेऊ. घाई नाही." साहेब हे नाव त्याला शाळेतच पडलं होतं, कारण बदलापूरच्या चिखलात हा पोरगा रोज बूट चकाचक करून निघायचा. पुढे तो खरोखरच सैन्यात कॅप्टन झाला, तरी बेलवलीच्या आमच्या सोसायटीत तो साहेबच राहिला.

सैन्यात जायचं म्हणून तो पहाटे खरवईपर्यंत पळायला जायचा. तिथल्या एका कुत्र्याने त्याची पोटरी फोडली. आई म्हणाली, "मेल्या, रस्ता बदल." बदलेल तर शपथ! इंजेक्शनं घेत घेत हा त्याच रस्त्याने पळत राहिला, खिशात बिस्किटं घेऊन. पावसाळा सरेपर्यंत ते कुत्रं ह्याच्यामागे शेपूट हलवत स्टेशनपर्यंत यायला लागलं. "ताई, चावणाऱ्याला शेपूट हलवायला लावलं. आणखी काय हवं?" असं म्हणून तो खूश.

उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एक कापडाचं दुकान होतं. लहानपणी साहेबाने तिथल्या सुटाच्या कापडाला नुसता हात लावला, तर सिंधी मालक खेकसला, "ए, लेना नहीं तो छूना नहीं!" ॲकॅडमीतून पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा साहेब मला घेऊन थेट त्या दुकानात. एक एक करत सगळे तागे उतरवायला लावले, प्रत्येकाला हात लावला आणि शेवटी घेतला काय, तर रुमाल! मालक चिडणार म्हणून मी दाराशी सरकले. पण ह्याचे बारीक कापलेले केस बघून तो म्हणाला, "फौजी हो क्या, साईं? अरे बैठो, चाय पियो." बाहेर आल्यावर साहेबाचं तोंड एवढंसं झालेलं. "चहा पाजला लेकाने. सगळी मजा घालवली."

त्याचे सूड असे चहावर संपायचे. माझे संपत नाहीत. मी त्याची सख्खी बहीण असले तरी त्या बाबतीत आजीवर गेले आहे.

सोसायटीत पंधरा ऑगस्टला झेंडा बांधायचं काम शाळेपासून साहेबाचंच. झेंड्याची घडी घालायची, आत झेंडूच्या पाकळ्या ठेवायच्या, आणि दोरीची सरकगाठ मारून तो खांबावर वर चढवायचा. खाली दोरीचे दोन पदर लोंबतात. त्यातला एक ओढला की गाठ सुटते आणि झेंडा फडकतो, दुसरा कितीही ओढला तरी गाठ आवळतच जाते, पहिला ओढला तरच सुटते. म्हणून आमच्याकडे रीत अशी, की बांधणाऱ्यानेच बरोबर पदर पाहुण्याच्या हातात द्यायचा. त्याने मला ही गाठ गॅलरीत शिकवली, बाबांचा टॉवेल आणि पडद्याची दोरी घेऊन. मी उलटा पदर ओढला की हसायचा. "बघ, आता दिवसभर माकडासारखी वर बघत बस."

कॅप्टन झाल्यावर एकदा तो ऑगस्टात सुट्टीवर आला. चेअरमनना म्हणाला, "काका, यंदा दोरी माझ्या आईला ओढू द्या ना." आमचे चेअरमन म्हणजे दोन जिने खाली राहणारे गृहस्थ, कडक इस्त्रीचे आणि सैल जिभेचे. ते सगळ्यांसमोर हसले. "अरे, हा चेअरमनचा मान असतो. बायकांनी हळदीकुंकू करावं." आईने पदर सारखा केला आणि ती मागे जाऊन उभी राहिली. साहेबाने कान खाजवला. मग बरोबर पदर चेअरमनच्या हातात दिला आणि सावधान उभा राहिला. घरी येऊन आईला म्हणाला, "दोरी तूच ओढशील. बघून घेऊ. घाई नाही."

त्याच सुट्टीत ह्याच चेअरमनच्या मुलीशी त्याचं लग्न ठरत आलं होतं. दोघांना एकमेकं पसंत होती. बोलणी करायला चेअरमन आमच्याकडे आले, पोह्यांची बशी हातात घेतली आणि आईच्या तोंडावर म्हणाले, "फौजेतल्या पोराचा काय भरवसा? उद्या माझी मुलगी पांढऱ्या कपाळाने परत आली तर?" आईच्या हातातला चमचा खाली पडला. साहेब शांतपणे म्हणाला, "बरोबर आहे, काका. पोहे घ्या." आणि त्या माणसाने ते खाल्ले, वर लिंबू मागितलं! लग्न तिथेच मोडलं.

पुढच्याच हिवाळ्यात साहेब गेला. काश्मीरमध्ये गस्तीवर असताना गोळी लागली. तिरंग्यात गुंडाळून त्याला घरी आणलं तेव्हा सगळं बदलापूर रस्त्यावर उतरलं होतं. बाबा अंबरनाथच्या कारखान्यातून आले ते कामाच्या कपड्यांतच, आणि शवपेटीला हात लावून तसेच बसून राहिले. शोकसभेत माइक कोणी धरावा? चेअरमननी. हुंदका देऊन म्हणाले, "हा माझा होणारा जावई होता हो!" माझ्या अंगाची आग आग झाली. आईने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं, नाहीतर मी त्याच माइकने त्यांचं डोकं फोडलं असतं.

मग ते त्यांच्या तोंडात बसलंच. गणपतीत माझा जावई, शाळेच्या संमेलनात माझा जावई. जिवंत होता तेव्हा नको होता, मेल्यावर घरचा झाला. नगरपालिकेचं तिकीट हवं होतं ना! झेंडा आता दर वर्षी सासरहून येऊन मी बांधत होते. मनातल्या मनात शिव्या घालत बरोबर पदर त्यांच्या हातात देत होते, कारण झेंडा साहेबाचा होता.

एका वर्षी त्यांनी पक्षाचा मोठा पुढारी आणला, फोटोग्राफर आणले. आईला मागच्या रांगेत खुर्ची. भाषणात पुन्हा सुरू झालं, "माझ्या जावयाने देशासाठी..." आई मान खाली घालून ऐकत होती. झेंडा वर नीट बांधलेला होता, त्याला काही होणार नव्हतं. मी पुढे गेले आणि उलटा पदर चेअरमनच्या हातात दिला.

त्यांनी ओढला. काही नाही. हसून पुन्हा ओढला. गाठ आवळली. पुढारी घड्याळ बघायला लागला. कोणीतरी ओरडलं, "काका, जोर लावा!" काकांनी जोर लावला. इस्त्रीचा सदरा घामाने पाठीला चिकटला. माणूस तोंड उघडं टाकून वर बघत राहिला, आणि खरं सांगते, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

"अगं, सुटत का नाही?" ते माझ्यावर खेकसले.

"तुमच्या हाताने सुटायचा नाही," मी माइकजवळ जाऊन म्हणाले. "मुलगी देताना तुम्हाला माझा भाऊ नको होता. आमच्या घरात बसून, आमचे पोहे खात तुम्ही त्याचं मरण बोललात. त्याची आई मागे बसली आहे. तिला येऊ द्या."

चेअरमननी दोरी सोडली. आई उठली, चपला काढून खांबापाशी आली. मी दुसरा पदर तिच्या हातात दिला. तिने एकदाच ओढला. झेंडा फडकला आणि झेंडूच्या पाकळ्या तिच्या डोक्यावर, खांद्यावर पडल्या. ती रडत रडत राष्ट्रगीत म्हणत होती, सगळ्यांच्या पुढे उभी राहून.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमन वर आले. तिकिटाचं काही खरं राहिलं नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसतच होतं. "चारचौघांत असं करायला नको होतंस," म्हणाले.

"बरोबर आहे, काका," मी म्हणाले. "पोहे घ्या."

बशीला हात न लावता ते जिना उतरले. साहेब असता तर त्याने त्यांना हाक मारून परत बोलावलं असतं, चहा पाजला असता. मी दार लावून घेतलं. आईने कालच्या पाकळ्या पदरात जपून आणल्या होत्या, त्या त्याच्या फोटोपुढे ठेवल्या होत्या. तिथे उभी राहून मी त्याला सांगितलं, "बघून घेतलं रे, साहेब."